धरणाच्या माथ्यावरून

बॉथेलच्या मोरेश्वर काकांकडे भारतातून कुणी पाहुणा आला की त्याची सहजासहजी सुटका नसे. मॉल, आउटलेट, फेरीबोट हे सगळं शुभाकाकूंकडे. काकांकडे पूल, बोगदे आणि धरणं. काका पुण्याला शिकून सत्तरच्या दशकात इकडे आले, ते निवृत्त होईपर्यंत पुलांची तपासणी करत राहिले. कॅस्केड पर्वतातल्या घाटांमधले कितीतरी पूल त्यांनी खालून, दोरावर लटकून पाहिले होते. पाहुणा गाडीत बसून पट्टा लावतो न लावतो तोच काका सुरू करत, "आता डावीकडे बघा हं, हा जो खांब येतोय ना..."

या वर्षी जुलैत आली ती मंजुषा, काकूंची धाकटी बहीण. कोथरूडच्या शाळेत तिने उभा जन्म गणित शिकवलं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलं म्हणाली आता तरी ताईकडे जाऊन ये, म्हणून आली. पहिल्याच दिवशी चहा पिता पिता तिने जाहीर केलं, "भावोजी, मला मॉल नकोत. दुकानं आमच्याकडेही उदंड झालीत. तुमची ती धरणं दाखवा."

काका खुश झाले. काकूंनी मात्र ओट्याकडे तोंड फिरवलं.

त्यांना वर्षभर एक भीती खात होती, आणि ती त्यांनी काकांना सांगितलेली नव्हती. सुरुवात झाली रेडमंडपासून. वीस वर्षं ज्या घरी दिवाळीच्या फराळाला जात आले, त्या घराकडे वळणारं हायवेचं एक्झिट काका सरळ सोडून पुढे गेले. पुढचंही गेलं. "बोलण्याच्या नादात राहिलं," म्हणाले. मग एकदा इंडियन स्टोअरमध्ये त्यांचा जुना मित्र चारुदत्त समोरून हसत आला आणि काका त्याच्या बाजूने तसेच निघून गेले. रात्री चारुदत्तने काकूंना फोन केला, "वहिनी, मोरेश्वर माझ्यावर रागावलाय का हो?" मग चहा कपाच्या बाहेर ओतला गेला. मग पेपरातलं शब्दकोडं सुटलं, म्हणजे सोडवायचंच सुटलं. का, तर कंटाळा आला. तीस वर्षं रोज पेन्सिल घेऊन बसणाऱ्या माणसाला कंटाळा.

काकू एव्हरेटच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट होत्या. विसरण्याच्या आजारावरच्या गोळ्या त्यांनी इतरांच्या नवऱ्यांसाठी किती वर्षं भरून दिल्या होत्या. काउंटरपलीकडच्या बायका काय काय सांगायच्या ते त्यांना पाठ होतं. आधी रस्ते विसरतात, मग माणसं.

फ्रिस्कोला राहणाऱ्या मुलाला, केदारला, त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन, दार लोटून, हलक्या आवाजात हे सांगितलं. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, तुम्ही दोघं इकडेच मूव्ह व्हा. आमच्या घराजवळ एक चांगली जागा आहे. मेमरी केअर म्हणतात, विसरणाऱ्या माणसांना तिथे सांभाळतात. नुसती बघून तर ठेवू."

तेव्हापासून ते दोन शब्द काकूंच्या डोक्यातून जात नव्हते. रोज सकाळी त्या अगदी सहज विचारल्यासारखं विचारत, "अहो, आज वार कोणता हो?"

"गुरुवार. तुला कॅलेंडर दिसत नाही का?"

उत्तर रोज बरोबर येई. पण त्याने त्यांचं समाधान व्हायचं नाही. आजचं आलं, उद्याचं काय?

ट्रिपच्या दिवशी आकाश अगदी स्वच्छ होतं. काकूंनी दशम्या, लसणाची चटणी, दही आणि थर्मासभर चहा घेतला. गाडी काकाच चालवणार हे ठरवायची गरजच नव्हती. नोकरीत असताना काकू रोज एकट्या हायवेवरून कामाला जात, पावसात, काळोखात, बर्फातसुद्धा. पण दोघं एकत्र निघाले की स्टिअरिंग काकांचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. लग्नानंतर काकांनी त्यांना गाडी शिकवायचा प्रयत्न केला होता, तो पार्किंग लॉटमध्ये रडारडीत संपला. शेवटी हॉस्पिटलातल्या एका फिलिपिनो मैत्रिणीने शिकवलं. त्यानंतर एका गाडीत दोन ड्रायव्हर नकोत, असं घरात जणू आपोआप ठरून गेलं होतं.

"मी चालवू का आज?" काकूंनी निघताना विचारलं.

"घाटात?" काका म्हणाले आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

स्कॅजिट नदीच्या काठाकाठाने रस्ता वर चढू लागला. आधी शेतं होती, मग देवदारांचं रान, मग डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ जवळ येऊ लागले. काकू मागे बहिणीशेजारी बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष सगळं आरशात दिसणाऱ्या काकांच्या चेहऱ्यावर. काका नेहमीपेक्षा हळू चालवत होते. मागच्या गाड्या रेंगाळत, मग संधी मिळाली की झपकन पुढे जात.

न्यूहेलम नावाच्या छोट्याशा गावात पहिला थांबा. हे गाव वीज कंपनीच्या लोकांसाठीच वसवलेलं. नदीवर एक झुलता पूल आहे. मंजुषाने दोन्ही हातांनी दोर घट्ट धरले आणि पुलाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "भावोजी, हा हलतोय हो!"

"हलायलाच हवा. न हलणाऱ्या पुलाची काळजी करावी," काका म्हणाले. मग तिथेच उभं राहून त्यांनी सगळं समजावून सांगितलं: वर धरणाशी अडवलेलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने इथवर कसं येतं, उतारावर त्याचा जोर कसा वाढतो, खाली वीजघरात ते पात्यांवर कसं आदळतं. कोणत्या काळात कुणी बांधलं, त्या वेळी इथे रस्तासुद्धा नव्हता, सगळं सामान रेल्वेने कसं आणलं. मंजुषाने दोन आडवेतिडवे प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं त्यांनी न अडखळता दिली.

काकू बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. हा माणूस विसरतोय? मग चारुदत्तला कसा विसरला? त्यांना काही उलगडेना. उलट वाटलं, हे असंच असतं म्हणतात, जुनं सगळं राहतं, नवं निसटतं.

न्यूहेलम सोडलं आणि दरी अरुंद झाली. ऊन इतकं लख्ख होतं की समोरचा रस्ता पांढरा दिसत होता. एक वळण घेतल्यावर कड्यात कोरलेला बोगदा आला. फार लांब नव्हता. तोंडाशी सायकलवाल्यांची पिवळी पाटी होती, ती काकूंनी वाचली. काकांनी वाचली नाही.

गाडी उन्हातून एकदम अंधारात शिरली.

काकूंना पुढे एक तांबडा दिवा दिसला, लुकलुकणारा, रस्त्याच्या उजव्या कडेला. सायकल. आणि आपली गाडी तिच्याकडे चाललीय. बाजूने नव्हे, तिच्याकडेच. एक क्षण त्यांना वाटलं, काका आता वळवतील. दुसऱ्या क्षणी कळलं, त्यांना ते दिसतच नाहीये.

"अहो, सायकल! ब्रेक!"

काकांनी दोन्ही पाय ब्रेकवर दिल्यासारखी गाडी थांबवली. दशम्यांचा डबा सीटखाली गेला. टायर किंचाळले आणि तो आवाज बोगद्यात घुमत राहिला. मागून एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. तांबडा दिवा आधी हलला, मग कडेच्या दगडी भिंतीला लागला, मग थांबला.

"लागलं का?" मंजुषाने दबक्या आवाजात विचारलं. "ताई, लागलं का तिला?"

नव्हतं लागलं. सायकलवरची बाई एक पाय टेकवून उभी होती. तिने मागे वळून पाहिलं आणि हाताने खूण केली, पुढे चला, बाहेर थांबा.

बोगदा संपल्यावर रस्त्याकडेला गाड्या थांबवायला जागा होती. काकांनी गाडी तिथे घेतली, इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून बसले. थोड्या वेळाने ती बाई सायकल हाताने ढकलत आली. पन्नाशीची असेल. तिने हेल्मेट काढलं तेव्हा केस घामाने कपाळाला चिकटलेले होते. काका दार उघडून उतरले.

"आय अ‍ॅम सो सॉरी," ते म्हणाले. "मला तुम्ही दिसला नाहीत."

"माझ्या पाठीवर दिवा आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता, रागाने की भीतीने कळत नव्हतं. "अंगात नारिंगी जॅकेट आहे. मला वाटलं, गेले मी."

काका पुन्हा सॉरी म्हणाले. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग त्यांना सोडून तिने काकूंकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "यांनी गाडी चालवावी का?"

काकांनी तोंड उघडलं होतं. पण उत्तर काकूंनी दिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आता नाही चालवणार. मी चालवते."

बाईने मान हलवली. काकूंनी थर्मास काढून तिला चहा दिला. तिने तो उभ्याउभ्या प्यायला, आलं घातलंय का विचारलं, आणि थोडीशी हसली. जाताना तिने काकांच्या दंडाला हलकेच हात लावला. "मी ठीक आहे. तुम्ही जरा बसा," म्हणाली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

खालून पाण्याचा आवाज येत होता. मंजुषा समजूतदार, ती "जरा पाय मोकळे करते" म्हणून कठड्याशी जाऊन उभी राहिली. काका रस्त्याकडेच्या एका दगडावर बसले. काकू त्यांच्याजवळ गेल्या, पण काय विचारायचं तेच सुचेना. वार कोणता, हे विचारायचं?

काकांनीच बोलायला सुरुवात केली.

"शुभा, मला दिसत नाही गं."

"म्हणजे?"

"नीट दिसत नाही. उन्हातून आत शिरलो आणि समोर नुसता काळा पडदा. रात्री तर गाड्यांचे दिवे कापसाच्या बोळ्यासारखे दिसतात. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यापासून आहे हे. तुला सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाही?"

काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "दादाचं काय झालं ते पाहिलंस ना तू. काचबिंदू. आधी असंच, थोडं थोडं. मग शेवटी त्याला जेवणाचं ताट हाताने चाचपायला लागायचं. मला वाटलं, डॉक्टरकडे गेलो की ते नाव घेईल. नाव घेतलं की झालंच. म्हणून अपॉइंटमेंट घ्यायचो आणि कॅन्सल करायचो."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"डोळे?" त्या म्हणाल्या.

"हो, डोळे."

"फक्त डोळे?"

"फक्त म्हणजे काय? आणखी काय पाहिजे तुला?"

"थांबा. थांबा जरा." काकूंनी हात वर केला. "चारुदत्त दुकानात समोर आला होता, तुम्ही त्याला ओळख दिली नाही."

"कधी आला होता?"

"डाळींच्या रॅकपाशी! हसला तुमच्याकडे बघून."

"मग हाक मारायची ना त्याने. मला काय दिसतंय तिथे, दिवे हे एवढे मिणमिणते."

"आणि रेडमंडचं एक्झिट?"

"पाटीच वाचता आली नाही. पाऊस होता. पुढची वाचू म्हटलं, तीही नाही आली."

"चहा? कपाबाहेर ओतला तो?"

"कप पांढरा, ओटा पांढरा," काका वैतागून म्हणाले. "कपाची कड कुठे संपते ते दिसायला नको? तूच आणलेस ना ते नवे कप."

"आणि कोडं? शब्दकोडं का सोडलंत?"

"ते बारीक चौकोन सगळे एकमेकांत शिरतात. कोर्टात उलटतपासणी घेतल्यासारखं काय विचारतेस?"

काकूंना आधी हसू फुटलं. त्यांनी तोंडावर पदरासारखी ओढणी धरली, पण ते थांबेना, आणि मग त्या हसण्यातूनच रडू आलं, मोठ्याने, खांदे हलवणारं. कठड्यापाशी उभी मंजुषा धावत आली.

"मी आंधळा होत चाललोय," काका दुखावून म्हणाले, "आणि ही हसतेय!"

"अहो, मला वाटलं..." काकूंना शब्द जुळवता येईनात. "मला वाटलं, तुम्ही सगळं विसरत चाललात. वर्षभर वाटतंय. एक दिवस मलासुद्धा विसरणार. मी केदारला सांगितलं. तो म्हणाला, फ्रिस्कोला एक जागा आहे... मी रात्र रात्र जागी असते."

काकांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. त्यांना एकेक गोष्ट जुळवायला वेळ लागला.

"म्हणून तू रोज सकाळी वार विचारतेस?"

काकूंनी मान हलवली.

"मला वाटलं, तूच विसरायला लागलीस," काका म्हणाले. "मी कुणाला बोललो नाही."

मंजुषा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी ती म्हणाली, "ताई, तुम्ही दोघं पन्नास वर्षं एका घरात राहता ना गं?"

मग तिघंही हसले. नाकं पुसली. काकूंनी त्या दगडावर काकांच्या शेजारी बसून थर्मासातला उरलेला चहा ओतला. डोळ्यांचं काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. काचबिंदू असेलही. पण काकूंना काचबिंदूचे थेंब माहीत होते, त्यांचे नियम माहीत होते, वेळेवर घातले तर काय होतं आणि न घातले तर काय होतं तेही माहीत होतं. तो विसरण्याचा आजारही त्यांना माहीत होता, आणि तो थांबवेल अशी एकही गोळी त्यांच्याकडे नव्हती. छातीवरून कुणीतरी पोतं उचललं असावं तसा त्यांनी श्वास घेतला.

"पुढच्या आठवड्यात डॉक्टर," त्या म्हणाल्या. "कॅन्सल केलंत तर बघा."

"नाही करत."

"किल्ली द्या."

काकांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. काकूंना वाटलं होतं, त्यांना ते जड जाईल. पण काका म्हणाले, "घे बाई. रोज गाडीत बसताना भीती वाटायची. आज येताना प्रत्येक वळणाला वाटत होतं, एकदाचं पोचूदे." आणि उठून ते स्वतःच बाजूच्या सीटकडे गेले.

"आता घरी जायचं का?" मंजुषाने विचारलं.

काकूंनी सीट पुढे घेतली, आरसे आपल्या उंचीला लावले. "घरी कशाला? तुला धरण बघायचं होतं ना? अजून कुठे पाहिलंस?"

पुढचा रस्ता त्यांना स्वतःलाच आवडू लागला. वळणं अंगवळणी पडायला वेळ लागला नाही. एका ठिकाणी खोल घळीवरून पूल जातो, तिथे बाजूची पायवाट लोखंडी जाळीची आहे, पायाखाली थेट दरी दिसते. मंजुषाने तिथे उतरायला साफ नकार दिला. काका मात्र गाडीच्या खिडकीतून उत्साहाने सांगत राहिले की ती जाळी कशासाठी असते, बर्फ कसं खाली गळून पडतं. डोळ्यांबद्दल बोलून झाल्यापासून ते जास्तच बोलत होते.

डायब्लो धरणाकडे वळणारा फाटा हायवेवरून खाली उतरतो. धरण नदीच्या अरुंद घळीत कमानीसारखं उभं आहे, आणि त्याच्या माथ्यावरूनच गाडीरस्ता पलीकडे जातो. रस्ता इतका चिंचोळा की दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. एका बाजूला काठोकाठ तलाव, दुसऱ्या बाजूला सरळ खाली दरी.

"यावरून?" मंजुषाने विचारलं.

"यावरूनच," काकू म्हणाल्या.

त्या निम्म्याच्या थोडं अलीकडे पोचल्या असतील, तोच पलीकडच्या टोकाने एक व्हॅन माथ्यावर आली. मागे ट्रेलर, ट्रेलरवर रचलेल्या होड्या. ड्रायव्हरला काकूंची गाडी उशिरा दिसली असावी. तो थांबला, काकूही थांबल्या. दोन्ही गाड्या समोरासमोर. ट्रेलर घेऊन मागे जाणं त्याला शक्य नव्हतं, ते कुणालाही कळलं असतं.

काकांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला होता. त्यांच्या ओठांवर सूचना आल्या होत्या, काकूंना त्या न बघताही दिसत होत्या. डावीकडे घे, हळू, स्टिअरिंग सरळ. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या पार्किंग लॉटमध्ये नेमक्या याच सूचनांनी त्या रडल्या होत्या.

काकांनी ओठ मिटले. मग म्हणाले, "मला मागचं काही दिसत नाही, शुभा. तुला जसं वाटेल तसं कर."

"हो," काकू म्हणाल्या.

त्यांनी गाडी रिव्हर्सला टाकली. रस्ता सरळ नव्हता, धरणाच्या कमानीबरोबर तो किंचित वळत होता. हॉस्पिटलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये त्यांनी किती हिवाळे गाडी उलटी घातली होती, कुणी बघायला नसताना. आताही तसंच करायचं. एक डोळा आरशात, एक मागच्या काचेत, आणि घाई नाही. मंजुषा मागच्या सीटवर गपचूप रामरक्षा म्हणत होती. गाडी हळूहळू मागे आली, टोकाशी रुंद जागेत शिरली आणि थांबली.

व्हॅनचा ड्रायव्हर जाताना खिडकीतून ओरडून म्हणाला, "नाइसली डन, मॅम!"

काकू लाल झाल्या. काकांनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. मग काकूंनी पुन्हा गिअर टाकला आणि धरणाच्या माथ्यावरून गाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेली.

पलीकडे गाडी लावून तिघं चालत धरणावर आले. वारा चांगलाच होता. काका कठड्याला रेलून मंजुषाला समजावत होते, कमानीचं धरण पाण्याचा दाब दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर कसा देतं, म्हणून अशी घट्ट खडकाची अरुंद घळच कशी निवडावी लागते. शिक्षिका बाईंनी विचारलं, "म्हणजे डोंगर कच्चा असेल तर?"

"तर बांधायचंच नाही," काका म्हणाले. "किंवा दुसऱ्या प्रकारचं बांधायचं, नुसत्या वजनावर उभं राहणारं."

मग ते तलावाकडे वळले.

"शुभा, हे पाणी कसं दिसतं गं आता? मला नुसतं मातकट दिसतंय. पूर्वी असं नव्हतं."

काकूंनी पाण्याकडे नीट पाहिलं. हिमनद्या वरच्या डोंगराचा खडक दळून त्याची भुकटी खाली पाठवतात, ती पाण्यात तरंगत राहते आणि पाण्याला रंग येतो.

"निळं," त्या म्हणाल्या, "पण आकाशासारखं नाही. थोडं हिरवं मिसळलेलं. तुमच्या आईंची ती पैठणी होती ना, मोरपिशी? त्या रंगात दूध मिसळलं तर जसं होईल, तसं."

"असंच होतं," काका म्हणाले. "बरोबर."

दशम्या त्यांनी तिथेच एका झाडाखाली बसून खाल्ल्या. डबा सीटखाली गेल्यामुळे चटणी सगळीकडे लागली होती, कुणी तक्रार केली नाही. परतताना बोगदा आला तेव्हा काकूंनी वेग बराच आधी कमी केला. आत कुणी नव्हतं. बोगद्याबाहेर पडल्यावर त्या काहीतरी सांगायला वळल्या, तर काका मान टेकून झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात पोटावर. चालत्या गाडीत काकांना झोपलेलं काकूंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खिडकीची काच वर घेतली आणि मंजुषाला खुणेने गप्प बसायला सांगितलं. घरापर्यंत ते जागे झाले नाहीत.

डॉक्टरकडे काकू बरोबर गेल्या. तपासणीच्या खोलीत आत जाऊ दिलं तेव्हा त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी काकांच्या डोळ्यांत थेंब घातले, वाट पाहायला लावली, मग दिवे मालवून बराच वेळ यंत्रातून बघत राहिल्या. काकांचा पाय हलत होता. खोलीत यंत्राच्या पंख्याचा तेवढा आवाज.

"मोतीबिंदू आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. चांगलाच पिकलाय. इतके दिवस का थांबलात?"

"आणि काचबिंदू?" काकांनी विचारलं.

"डोळ्यांतलं प्रेशर नॉर्मल आहे. डोळ्यामागची नर्व्ह छान आहे. भावाचा इतिहास आहे, म्हणून दर वर्षी तपासू. पण आत्ता नाही. आधी एक डोळा करू, मग दुसरा. तुम्ही त्याच दिवशी घरी जाल."

काका "थँक यू" म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. मग उठायच्या नादात यंत्रावर कपाळ आपटलं.

पार्किंगमध्ये काकू गाडी सुरू न करताच बसून राहिल्या. काकांच्या डोळ्यांवर दवाखान्याचा काळा प्लॅस्टिकचा चष्मा होता, त्याखालून पाणी ओघळत होतं. थेंबांचं असेल. काकूंनी केदारला फोन लावला, स्पीकरवर.

"आई? काय म्हणाले डॉक्टर?"

"मोतीबिंदू. ऑपरेशन करायचं. बाकी काही नाही. केदार, डोकं अगदी चांगलं आहे त्यांचं. आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"केदार," काका म्हणाले, "ती जागा बघायला गेला होतास का तू?"

"हो बाबा. एकदा."

"कशी होती?"

"चांगली होती," केदार म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. "मला नाही आवडली."

"बरं," काका मऊपणे म्हणाले. "ऑपरेशनच्या वेळी ये. आईला तेवढीच सोबत."

घराच्या वळणावरूनच मंजुषा दिसली. पुढच्या दारात उभी होती, हातात तसाच कोरडा फडका, सकाळपासून उभी असावी. काकूंनी गाडी ड्राइव्ह-वेवर घेतली आणि काचेतूनच तिच्याकडे बघून हात हलवला, काळजीचं काही नाही, काही नाही. मंजुषाने फडका खांद्यावर टाकला आणि तिथेच पायरीवर बसकण मारली.